जीपच्या कूलंटच्या नोंदी: खारं पाणी आणि चाळीस टक्के

११ एप्रिल

अकोल्याहून परत येताना पूर्णेच्या पुलाअलीकडे जीप तापली. दुपारचे अडीच वाजले होते. मागच्या सीटवर काकू, डायलिसिस आटोपून आलेली, डोक्यावर ओला दुपट्टा. आधी काटा लालात गेला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. बाभळीच्या जरा सावलीला गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

धाकटा चुलतभाऊ हाताला शेला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला होता. त्याचा हात धरला. झाकण बंद असतं तोवर आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभरच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. इंजिन हाताला सोसवेल इतकं झाल्यावर शेजारच्या शेतातल्या बोअरचं पाणी थोडं थोडं घातलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, एवढं मला ठाऊक होतं. पाणी खारं होतं, पण दुसरं होतंच कुठे?

काकू म्हणाली, "माह्यापायी तुमाले तरास व्हते रे बाबू."

या उन्हाळ्यात ही तिसरी वेळ. आठवड्यातून दोनदा अकोल्याला जायचं आहे आणि अजून मे यायचा आहे. आजपासून लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

सकाळी गार इंजिनावर झाकण उघडलं. आतल्या बाजूला पांढरी खपली, नखाने काढली तर मिठाच्या खड्यासारखी कडकन सुटली. खालची तोटी सोडली. आधी काहीच येईना. तार घालून ढोसल्यावर विटकरी रंगाचा गाळ आला आणि त्यामागून पाणी. बादलीला लिटरच्या खुणा करून ठेवल्या होत्या: साडेचार लिटर निघालं. गाडीच्या पुस्तकात एकूण सात लिटर लिहिलंय. म्हणजे अडीच लिटर इंजिनाच्या पोटात अजून बसलंय. हा आकडा मी तेव्हा नुसता टिपून ठेवला. त्याचं महत्त्व पुढे कळलं.

आरओ दुरुस्तीला येणाऱ्या पोराकडून टीडीएसचं पेन मागून घेतलं; एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते हे पेन सांगतं. आमच्या विहिरीचं पाणी: २८४०. शहानूर धरणाच्या नळाचं: २३०. गावातल्या आरओच्या कॅनचं: ६५. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर: ४.

२८४० वाचून काका गप्प झाले, मग म्हणाले, "बापजन्मी हिरीचंच पानी टाकलं गाडीत. काई नाई झालं." त्यांची जुनी गाडी जाड पितळी रेडिएटरची, लोखंडी इंजिनाची होती आणि दर दोन वर्षांनी रेडिएटर खोलून नळ्यांतून रॉड मारून आणावा लागायचा, हे मला लहानपणापासून आठवतं. म्हणजे काही होत नव्हतं असं नाही. ते होणं आपण धरूनच चाललो होतो.

पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळी, कपाशी-तूर-हरभरा उत्तम, पण पोटातलं पाणी खारं. या पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही इंजिनाच्या मुळावर येतात. एक म्हणजे चुनखडी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार: पाणी तापलं की ते नळ्यांच्या आतून चिकटतात, आणि त्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही. दुसरं मीठ, म्हणजे क्लोराइड: अ‍ॅल्युमिनियमवर जो पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो तो ते जागोजागी फोडतं आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. आमच्या जीपचं इंजिन लोखंडी, पण हेड आणि पाण्याच्या पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची.

काकूच्या किडनीबद्दल डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "पाणी कुठलं पिता?" पेन बादलीत धरून उभा होतो तेव्हा तेच आठवत होतं.

१४ एप्रिल

जयंती. तालुक्यातली दुकानं बंद. संध्याकाळी मिरवणूक, आम्ही सगळे तिथेच.

१६ एप्रिल

दर्यापूरला मिस्त्रीकडे. थर्मोस्टॅटची डबी उघडली तर आत थर्मोस्टॅटच नाही! मागे कधीतरी कोण्या गॅरेजात काढून फेकलेला. "आपल्याकडं इतकं ऊन, कायले पाह्यजे थो?" हे वाक्य मी आजवर चार जणांकडून ऐकलंय. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते बंद राहतं, म्हणून इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला येतं. ठरलेल्या तापमानाला ते उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. पण आमच्या इंजिनात ते दुसरंही काम करतं: पूर्ण उघडलं की इंजिनातल्या इंजिनात फिरणारी छोटी वाट बंद करतं. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता परत इंजिनात. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जे काढलं, त्यानेच भर उन्हात ती जास्त तापत होती.

आणलेलं सामान: ८२ अंशांचा थर्मोस्टॅट, त्याचं पॅकिंग, ०.९ बारचं रेडिएटर झाकण, दोन होज (रबरी नळ्या) आणि क्लिपा, कूलंट कॉन्सन्ट्रेट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा, अजून पाणी न घातलेला द्रव, लिटरच्या पाच बाटल्या (हिरवा), बॅटरीचं पाणी पाच लिटरचे चार कॅन, लिंबूसत्व पाव किलो.

बाटल्या घेताना लेबल नीट वाचावं लागलं. शेजारीच दिसायला तशीच बाटली होती, पण ती तयार मिश्रणाची, आधीच पाणी घातलेली. ती आणून तिच्यात पुन्हा पाणी घातलं असतं तर उरलं असतं रंगीत पाणी. घरी एका पाव्हण्याने ठेवलेली लाल कूलंटची अर्धी बाटली आहे, ती ओतून टाक असं भावाचं म्हणणं. नाही ओतणार. रंग ही काही ओळख नाही, कंपन्या हवा तो रंग घालतात. खरा फरक गंज रोखणाऱ्या रसायनांत असतो, आणि दोन जातींची रसायनं एकत्र आली तर एकमेकांना निकामी करतात, कधी त्यांचा चिकट लगदाही होतो.

१७ एप्रिल

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासला. आईने पातेलं दिलं नाही, बरंच केलं. रंगाचा रिकामा डबा घेतला, चुलीवर पाणी ठेवलं. थर्मोस्टॅटच्या झडपेच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवला आणि त्या दोऱ्यावरच तो पाण्यात लोंबकळत ठेवला. झडप बंद आहे तोवर दोरा घट्ट धरलेला. थर्मामीटर ७०, ७५, ७९. माझ्या बोटांना वजन जाणवत होतं. ८३ ला दोरा हलका झाला आणि थर्मोस्टॅट टप्पकन डब्याच्या तळाला गेला. पुतणीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा केलं, ८२. पास.

झाकणाचंही इथेच लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे झाकण म्हणजे नुसतं बूच समजतात. उघड्या भांड्यात साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट घातलं तर ते १०७-१०८ ला उकळतं. म्हणजे कूलंटने सात-आठ अंश मिळाले. पण झाकणाने ०.९ बारचा जास्तीचा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा ११८च्या आसपास जाऊन उकळतं, म्हणजे एकट्या झाकणाचे अठरा. जुन्या झाकणाचा रबर चिरलेला होता, ते काहीच धरत नव्हतं. शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू.

२० एप्रिल

धुणं. सगळं पाणी शहानूरच्या नळाचं, विहिरीचा थेंबही नाही. थर्मोस्टॅट अजून बाहेरच ठेवलाय, म्हणजे पाणी मोकळं फिरेल. पाव किलो लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून आत घातलं, वर नळाचं पाणी भरून इंजिन अर्धा तास चालवलं. रेडिएटरच्या तोंडाशी सोड्याच्या बाटलीसारखा फेस येत होता: आम्ल चुनखडी खात होतं. गार झाल्यावर सोडलं तर चहाच्या चोथ्यासारखं पाणी, तळाला पांढऱ्या-तांबड्या कपच्या. मग नळाच्या पाण्याने चार वेळा. प्रत्येक वेळी भरा, चालवा, गार होऊ द्या, सोडा. दिवस गेला. आम्ल आत रेंगाळू द्यायचं नव्हतं, अ‍ॅल्युमिनियमलाही ते सोडत नाही. शेवटचे दोन धुणे बॅटरीच्या पाण्याचे, म्हणजे पोटात अडीच लिटर जे उरणार ते तरी शुद्ध असावं. शेवटच्या पाण्याचं पेनवर ४१. विहिरीच्या २८४० पुढे ४१ म्हणजे मी खूश.

२१ एप्रिल

थर्मोस्टॅट बसवला, होज बदलले, कूलंट भरलं.

चाळीस टक्के ठरवलं. आमच्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. डिसेंबरात पहाटे फार तर सात-आठ अंश. 'अँटीफ्रीज' या नावामुळेच आपल्याला वाटतं की हे काश्मीरवाल्यांसाठी आहे. पण कूलंटमधल्या ग्लायकॉलसोबत (हाच त्यातला मुख्य द्रव) गंज थांबवणारी रसायनं येतात, आणि मिश्रणात कूलंट तीस टक्क्यांच्या खाली गेलं की ती पुरी पडत नाहीत. उलट जास्त घालूनही फायदा नाही: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस, ग्लायकॉल वाढवाल तशी ती ताकद घटते आणि मिश्रण दाट होतं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणारे लोक मी पाहिलेत, 'माल चांगला पडला' म्हणतात. शुद्ध ग्लायकॉल तर उणे तेरालाच गोठतो, निम्म्या पाण्यासोबत उणे सदतीसपर्यंत टिकतो. एकटं कोणतंच पुरत नाही.

बादलीत कूलंट १.८ लिटर, बॅटरीचं पाणी २.७ लिटर, नीट ढवळून साडेचार लिटर आत घातलं. आत अडकलेली हवा निघावी म्हणून पुढची चाकं मातीच्या बांधावर चढवून तोंड वर केलं, हीटर पूर्ण गरमवर, वरचा होज हाताने दाबत राहिलो. बुडबुडे येत होते, पातळी खाली बसत होती, पुन्हा भरत होतो. समाधानाने झोपलो.

२२ एप्रिल

रात्री दोनला जाग आली ती या विचाराने, की पोटातल्या अडीच लिटर साध्या पाण्याचा मी हिशेबच धरला नाही. बादलीतलं चाळीस टक्के होतं, गाडीतलं नाही. सात लिटरांत १.८ लिटर कूलंट, म्हणजे पावणेसव्वीस टक्के. तीसच्याही खाली. इतकं सगळं करून शेवटी कमीच.

करायला हवं होतं ते असं: सातचे चाळीस टक्के म्हणजे २.८ लिटर नुसतं कॉन्सन्ट्रेट आधी आत घालायचं आणि उरलेली जागा, १.७ लिटर, बॅटरीच्या पाण्याने भरायची. जे आत आहे ते मिश्रणाचा भाग आहे. धुऊन भरणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य लक्षात ठेवावं.

२३ एप्रिल

हिशेब बरोबर की चूक, मोजल्याशिवाय कसं कळणार? तपासायचं यंत्र तालुक्यात मिळालं नाही. मग डेअरीत उभा असताना लॅक्टोमीटर दिसलं. दुधात पाणी किती हे ते घनतेवरून सांगतं. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जड आहे, म्हणजे लॅक्टोमीटर त्यात वर तरंगणार. डेअरीतलं मात्र मागायचं नव्हतं. हे विष आहे, ते दुधाच्या भांड्याला लागता कामा नये. स्वतंत्र नवं आणलं, वर लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि गॅरेजच्या फळीवर ठेवलं. ते घरात कधीच येणार नाही.

चाळीस टक्के मिश्रणात लॅक्टोमीटरची पट्टी अख्खी बाहेर राहते, वाचताच येत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यात तेवढंच बॅटरीचं पाणी घालून अर्धा केला. त्याच बाटलीतल्या कॉन्सन्ट्रेटचे दोन माहितीतले नमुने केले, वीस टक्क्यांचा आणि पंधराचा. सगळे उंच ग्लासांत ओसरीच्या सावलीला रात्रभर ठेवले, तापमान एक व्हावं म्हणून. पोरांना आणि कुत्र्यांना हात पोचू नये म्हणून वर पाटी झाकून त्यावर दगड. सकाळी वाचलं: वीसच्या ग्लासात २६, पंधराच्यात १९, गाडीतल्यात १७. म्हणजे गाडीतलं अर्धं केलेलं पंधराच्याही खाली. रात्री दोनचा हिशेब खरा निघाला.

२४ एप्रिल

दुरुस्ती. सगळं ओतून द्यायची गरज नाही. किती काढायचं ते असं काढलं: हवे चाळीस, आहेत २५.७, फरक १४.३. शंभरातून २५.७ वजा केले की ७४.३. १४.३ भागिले ७४.३, गुणिले सात लिटर. उत्तर १.३५ लिटर. तेवढं मिश्रण खालून काढलं आणि तेवढंच नुसतं कॉन्सन्ट्रेट वरून घातलं. वीस मिनिटं चालवून गार केलं, अर्धं करून मोजलं: २६. वीसच्या ग्लासाशी जुळलं.

या कामात एक गोष्ट घडता घडता राहिली. काढलेलं मिश्रण घमेल्यात होतं, मी तोटी घट्ट करत खाली आडवा. काकांचं कुत्र्याचं पिल्लू घमेल्याशी आलं आणि नाक खाली घातलं. पुतणी ओरडली म्हणून कळलं. ग्लायकॉल चवीला गोड असतो, जनावर आवडीने चाटतं. पोटात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे खडे किडनीत बसतात आणि किडनी बंद पडते. कुत्र्याला फार थोडं पुरतं, माणसालाही फार लागत नाही. आमच्या घरात किडनी बंद पडणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पिल्लाचं तोंड कोरडं होतं, तरी दिवसभर त्याला बांधून नजरेसमोर ठेवलं. आता काढलेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये, वर लाल रंगाने 'विष', कडीकुलपात. नालीत नाही, उकिरड्यावर नाही, गुरांच्या वाटेवर तर नाहीच. सांडलं तिथे आधी माती टाकून गोळा केलं आणि मग भरपूर पाण्याने धुतलं.

२८ एप्रिल

काकूला बसवण्याआधी परीक्षा. अंजनगाव सुर्जीवरून परतवाडा आणि पुढे चिखलदऱ्याचा घाट. भाऊ, मी आणि मागे सहा पोती माती, वजन म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याशी पानमळे आणि संत्र्याच्या बागा सुरू झाल्या की पाण्याची चव बदलते. परतवाड्याच्या एका हातपंपाचं पाणी पेनवर धरलं, ३९०. तीच मिट्टी, तेच ऊन, आणि पाणी गोड. भाऊ पोटभर प्याला.

चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून उघड्यावर पाणी तिथे ९६च्या आसपासच उकळतं. घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरात, वेग कमी, समोरून वारा नाही, इंजिनावर पुरा भार. रेडिएटरची खरी कसोटी हीच. काटा मधल्या खुणेच्या एक केस वर गेला आणि तिथेच थांबला. वर पोचल्यावर भावाने बॉनेटला हात लावला आणि काही बोलला नाही, नुसती मान हलवली. परत आल्यावर, गार झाल्यावर, बाजूच्या टाकीत पातळी बोटभर खाली. आतली उरलेली हवा निघाली असावी. चाळीस टक्क्यांचं एक लिटर मिश्रण आधीच करून ठेवलं होतं, त्यातून भरलं. वर भरायलाही नुसतं पाणी नको, नाहीतर महिन्या-महिन्याला प्रमाण पातळ होत जातं.

गाडीत आता दोन बाटल्या कायम: एक त्या मिश्रणाची, एक बॅटरीच्या पाण्याची. रस्त्यात अडचण आली तर बोअर शोधायचा नाही.

१० मे

पातळी आहे तिथेच. झाकणाची आतली बाजू स्वच्छ, खपली नाही. अकोल्याच्या चार फेऱ्या झाल्या.

गावात कळलंय. पाच-सहा जण बिसलरीच्या बाटल्यांत आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन आले, पेन लावायला. एकाचं ३६०० निघालं. त्याने विचारलं, "हे गाडीले नाई चालत, तं आमाले कसं चालते?" मी त्याला म्हटलं, गाडीचं मी सांगू शकतो. प्यायला शहानूरचाच नळ घे, तो येत नसेल तर आपण सगळे मिळून ग्रामपंचायतीत जाऊ. १५ तारखेला जायचं ठरलं.

२७ मे

नवतपाचा तिसरा दिवस. डांबर टायरला चिकटत होतं. काकूला घेऊन अकराला निघालो, साडेचारला परत. जाताना-येताना काटा मधल्या खुणेवर. पुलाअलीकडची ती बाभूळ आली तेव्हा काकूने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "येच ना ते झाड?" होय म्हटलं. मग ती झोपून गेली, घर येईपर्यंत.

संध्याकाळी गार झाल्यावर पाहिलं: टाकीतली पातळी दोन खुणांच्या मधोमध. नमुना काढून अर्धा केला, लॅक्टोमीटर २६.

जेवताना काका म्हणाले, "बाबू, ट्रॅक्टरचं रेडिएटर पाह्यतं का एकदा? पेरनीच्या आंधी." बॅटरीच्या पाण्याचे सहा कॅन आणि अर्धा किलो लिंबूसत्व सांगून ठेवलंय. ट्रॅक्टरच्या पुस्तकात किती लिटर लिहिलंय ते उद्या बघायचं, आणि खालची तोटी सोडून किती निघतं तेही.